रांगतं बाळ आणि न संपणाऱ्या रांगा

धाकटा दहा महिन्यांचा होता आणि थोरली सात वर्षांची, तेव्हा आम्ही थीम पार्कच्या सहलीला गेलो. सहल अर्थातच थोरलीची. धाकटा अंगावर पीत होता, त्यामुळे त्याला मागे ठेवायचा प्रश्नच नव्हता. "एवढ्याशा बाळाला तिथलं काय कळणार?" हे निघायच्या आधी मी निदान दहा जणांकडून ऐकलं. त्यांचं बरोबर होतं. त्याला काहीही कळलं नाही. पहिल्या सकाळी समोर किल्ला, बाजूला बँड, डोक्यावर फुगे, आणि हा पठ्ठ्या वीस मिनिटं रांगेच्या खांबाला लावलेली साखळी हलवत बसला. अतिशय खूश होता.

म्हणून आधी घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट मान्य करून टाकावी: बाळ सोबत येतंय, सहल त्याच्यासाठी नाही. मग त्याला प्रत्येक गोष्टीपुढे धरून फोटो काढायची धडपड आपोआप थांबते. काम उरतं ते एवढंच की त्याची झोप, दूध आणि कोरडा डायपर यांभोवती दिवस आखायचा आणि मधल्या फटींत बाकीच्यांनी मजा करून घ्यायची. आम्ही पहिल्या दिवशी बरोबर उलटं केलं. आधी राइडची यादी केली, मग त्यात झोप कोंबली. दुपारी दीडच्या सुमाराला आम्ही तिघं रडायच्या बेतात होतो आणि चौथा रडतच होता.

कितव्या महिन्यात न्यावं

माझ्या मते चार ते सात महिन्यांचं बाळ नेणं सगळ्यांत सोपं. मान धरलेली असते, जिथे ठेवाल तिथे राहतं, पोट दुधावर भागतं. आठव्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंतचा काळ अवघड, कारण बाळाला सारखं खाली उतरायचं असतं आणि खाली सोडावी अशी जमीन पार्कात सापडत नाही. आम्ही नेमके त्याच काळात गेलो, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ मी तरी नेणार नाही. त्या वयात अंगात ३८ अंश सेल्सिअस ताप भरला तरी लगेच डॉक्टर गाठावा लागतो, आणि परक्या गावात रात्री ते करणं फार जिवावर येतं. लसींचंही बघा. गोवराची पहिली लस देशादेशाप्रमाणे नऊ ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान देतात. त्याआधी बाळ उघडंच असतं. २०१४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली होती, आणि लागण झालेल्यांत लशीचं वय न झालेली बाळंही होती. जगभरची माणसं एका रांगेत खोकत उभी असतात, दुसरं काय होणार? घाबरून घरी बसा असं मी म्हणत नाही. तिकिटं काढायच्या आधी बाळाच्या डॉक्टरांना तारखा सांगा, एखादी लस थोडी अलीकडे घेता येते का विचारा.

तिकिटाचं एक बरं असतं. डिस्नेच्या फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या पार्कांत तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, टोकियोत चार वर्षांखालच्यांना लागत नाही. काही पार्क वय न बघता उंची मोजतात. बाळाच्या जन्मतारखेचा कागद जवळ असू द्या.

गाडी आणि झोळी, दोन्ही

बाबागाडी न्यावी की छातीशी बांधायचं कॅरिअर, यावर आमच्याकडे आठवडाभर वाद चालला होता. उत्तर असं की दोन्ही. बहुतेक राइडच्या रांगेत गाडी नेऊ देत नाहीत, ती बाहेर लावून जावं लागतं. दहा महिन्यांचं बाळ नऊ किलोच्या आसपास असतं. तेवढं वजन चाळीस मिनिटं कडेवर घेऊन उभं राहिलात की राइड सुरू होण्याआधीच कंबर गेलेली असते. कॅरिअरमध्ये तेच वजन खांद्यांवर आणि कमरेवर वाटलं जातं, हात मोकळे राहतात. पण दिवसभर कॅरिअरच म्हणाल तर उन्हाळ्यात तुम्ही दोघंही घामाने चिकटून जाता, आणि सामान कुठे ठेवणार?

कॅरिअरमध्ये बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे, मान वाकवली की त्याच्या डोक्याचा पापा घेता आला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकलेली नको. हनुवटीखाली एक-दोन बोटं जाण्याइतकी जागा हवी. झोपलेलं बाळ हळूहळू खाली सरकतं आणि आपण गर्दीत इकडेतिकडे बघत असतो, म्हणून दर थोड्या वेळाने खाली बघायची सवय लावून घ्या.

गाडीची लांबी-रुंदी घरीच टेपने मोजा. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत १ मे २०१९ पासून ७९ सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा १३२ सेंटिमीटरपेक्षा लांब गाडी चालत नाही, आणि ओढायच्या वॅगनला तर पूर्ण मनाई आहे. इतर पार्कांचे नियम त्यांच्या त्यांच्या साइटवर असतात. तिथे गाडी भाड्याने मिळते खरी, पण बऱ्याच ठिकाणी ती कडक प्लॅस्टिकची, पाठ मागे न झुकणारी असते. नीट बसता न येणाऱ्या बाळाला तिच्यात ठेवूच नये, आणि बसणाऱ्या बाळालाही तिच्यात झोप लागणं कठीण. आपली घडी होणारी, पाठ जवळजवळ आडवी होणारी, हलकी गाडी बरी. भारी, मोठ्या चाकांची, मिरवायची गाडी घरी ठेवा. ती बसमध्ये चढवताना कळेल का ते.

आता एक प्रसंग सांगते. दुसऱ्या दिवशी राइडवरून आम्ही बाहेर आलो आणि गाडी जागेवर नाही. मी ज्या खांबाशी लावली होती तिथे भलत्याच तीन गाड्या. माझ्या पायांतलं त्राणच गेलं. बाळ कडेवर होतं, पण पिशवी गाडीत होती आणि पिशवीत दिवसभराचं दूध. नवरा एका बाजूला धावला, मी दुसऱ्या. शेवटी गाडी थोरलीने शोधली, पंधरावीस पावलांवर, दुसऱ्या ओळीत, नीट लावून ठेवलेली. तिथली माणसं वाट मोकळी ठेवायला गाड्या सतत हलवत असतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शंभर काळ्या गाड्यांत आपली काळी गाडी ओळखणं अशक्य असतं. त्या संध्याकाळी मी थोरलीची पिवळी केसांची रिबीन गाडीच्या दांड्याला बांधली आणि मग पुढचे सगळे दिवस सुखाचे गेले. पैसे, फोन, पासपोर्ट आणि दूध मात्र गाडीत सोडायचं नाही.

गाडीच्या दांड्याला जड पिशव्या लटकवू नका. बाळ आत असेपर्यंत तोल राहतो, बाळ उचललं की गाडी मागे उलटते. आमची दोनदा उलटली. आणि ऊन लागतं म्हणून गाडीवर दुपटं टाकून ती चहूबाजूंनी झाकणं हा प्रकार पूर्ण बंद. पातळ कापड असलं तरी आत हवा कोंडते आणि गाडीची भट्टी होते, शिवाय बाळ दिसत नाही. छत्रीसारखा टप पुढे ओढा, गाडी सावलीत फिरवा.

झोपेचं वेळापत्रक हेच पार्कचं वेळापत्रक

धाकटा तेव्हा दिवसातून दोनदा झोपायचा, साडेनऊच्या आसपास आणि दुपारी दीडला. दुसऱ्या दिवशी आम्ही राइडची यादी फाडून टाकली आणि या दोन वेळा कागदावर लिहिल्या. मग सगळं असं बसलं: दार उघडायच्या अर्धा तास आधी हजर. पहिला तास रांगा सर्वांत छोट्या, तेवढ्यात थोरलीच्या आवडीच्या दोन राइड. साडेनऊला धाकट्याला पाजून गाडीत आडवं करायचं आणि वर्दळीपासून लांबच्या वाटेने गाडी ढकलत राहायचं. तो झोपला की एकजण गाडीपाशी, दुसरा थोरलीसोबत. साडेअकराला पार्क सोडून सरळ खोलीवर. दुपारची झोप अंधारात, पलंगावर नाही तर बाळाच्या खाटल्यात, खरीखुरी. साडेचारला पुन्हा पार्क, आठला परत.

"दिवसाच्या मधोमध पार्क सोडायचा? एवढे पैसे भरून?" हा प्रश्न आमच्याकडेही आला. पण दुपारी बारा ते चार हा ऊन आणि गर्दी दोन्ही शिगेला असण्याचा काळ. तेवढ्या वेळात फार तर तीन राइड होतात आणि संध्याकाळ कुरकुरीत जाते. खोलीवर गेलं की थोरलीसुद्धा झोपायची, जी घरी तीन वर्षांपासून दुपारची झोपली नव्हती. त्याच दिवशी पुन्हा आत सोडतात ना, हे मात्र आधी विचारून घ्या. आणि ह्यासाठी राहायची जागा पार्कजवळ हवी. मी लांबची मोठी खोली सोडून जवळची लहान खोली घेईन, अगदी डोळे मिटून.

खोलीवर येणं जमणारच नसेल तर बाळांसाठीच्या केंद्रात जा. डिस्नेच्या प्रत्येक मोठ्या पार्कात असं केंद्र असतं. तिथे पाजायला शांत खोली, डायपर बदलायची टेबलं, उंच खुर्च्या, दूध गरम करायची सोय असं सगळं मिळतं. पार्कात शिरल्यावर नकाशावर मी आधी हे केंद्र शोधते आणि मग किल्ला. तिथे बसलेल्या बायकांचे चेहरे बघून फार धीर येतो, सगळ्यांचे केस आपल्यासारखेच विस्कटलेले.

खोलीत बाळासाठी खाटलं हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा आणि निघायच्या आधी पुन्हा एकदा विचारा. गादी घट्ट, सपाट हवी. उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी बाहेर. आणि रांगतं बाळ असेल तर खोलीत शिरल्या शिरल्या स्वतः गुडघ्यांवर उतरून एक फेरी मारा. मी मारली तेव्हा पलंगाखाली एक नाणं, एक केसाची पिन, एक बाटलीचं झाकण आणि किटलीची खाली लोंबणारी वायर सापडली. उभ्याने बघितलं होतं तेव्हा खोली चकचकीत दिसत होती.

आळीपाळीने बसायची सोय

ही युक्ती माहीत नसलेली माणसं अजून भेटतात याचं मला नवल वाटतं. बाळ असलेल्या आईबापांना एकच रांग दोनदा लावावी लागू नये अशी सोय मोठ्या पार्कांत असते. डिस्नेत तिला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप किंवा चाइल्ड स्विच. डिस्नेत राइडच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला बाळ दाखवून सांगायचं. एकजण रांगेतून जाऊन येतो, तोवर दुसरा बाळाबरोबर कुठेही फिरतो, आणि मग त्याला छोट्या रांगेने आत सोडतात. युनिव्हर्सलची पद्धत वेगळी: सगळं कुटुंब बाळासकट पूर्ण रांगेतून जातं आणि राइडच्या तोंडाशी असलेल्या खोलीत एकजण बाळाला घेऊन थांबतो. म्हणजे तिथे कॅरिअर हवंच, आणि रांगेत शिरायच्या आधी डायपर बदललेला हवा. दुसऱ्या पार्कांतही दारावरच्या माणसाला विचाराच. पाटी नसली तरी सोय असू शकते.

आमच्या थोरलीला यात दोनदा बसायला मिळालं, एकदा बाबाबरोबर आणि एकदा माझ्याबरोबर. भाऊ असण्याचा हा पहिला खरा फायदा, असं तिने जाहीर केलं.

मोठ्या भावंडाची उंची घरीच मोजा, बूट घालून. एका राइडला १२२ सेंटिमीटर लागत होते आणि थोरली एका सेंटिमीटरने कमी भरली. तिने टाचा उचलल्या, मापाच्या काठीपाशी उभ्या असलेल्या मुलाने हसून मान हलवली, आणि पुढचा अर्धा तास मला दोन मुलं सांभाळावी लागली. आधी ठाऊक असतं तर त्या राइडच्या बाजूला फिरकलोच नसतो.

वॉल्ट डिस्ने सांगत की मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवून स्वतः बाकावर बसून असताना, आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा असावी हे त्यांच्या मनात आलं. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. बाक मात्र सुटलेला नाही. त्या सहलीत मी इतक्या बाकांवर बसले की कुठला सावलीत आहे, कुठल्याच्या मागे गवत आहे, हे मला नवऱ्यापेक्षा जास्त पाठ झालं होतं. हे गवत महत्त्वाचं. रांगणाऱ्या बाळाला दिवसातून एकदोनदा तरी खाली सोडावंच लागतं, नाहीतर ते गाडीत कमान करून किंचाळतं. एक जाड चादर सोबत ठेवा, वर्दळ नसलेला कोपरा शोधा, अर्धा तास रांगू द्या. आमचा तो अर्धा तास पूर्ण सहलीतला सर्वांत शांत वेळ असायचा.

बाळाला मांडीवर घेऊन बसता येतं अशा राइडही पुष्कळ असतात: संथ होडी, आगगाडी, मेरी-गो-राउंडवरचा न हलणारा बाक. उंचीची अट नाही म्हणजे बाळ चालतं असं मात्र धरून चालू नका. काही ठिकाणी आधाराशिवाय बसता येणं ही अट असते, काही ठिकाणी बाळाला कॅरिअरमधून बाहेर काढायला लावतात. अट नसलेल्या राइडमध्येही झटके बसतात का, एकदम अंधार होतो का, हे एकाने आधी बसून बघावं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेचे स्नायू कच्चे. आपल्याला गंमत वाटणारा झटका त्याला फार असतो.

दूध, पाणी, खाणं

अंगावर पिणाऱ्या बाळाचा बाहेरगावी फार आराम असतो, सामान शून्य. मी बाकावर, रांगेत, होडीत, कुठेही पाजलं. अडचण एकच आली: आठव्या महिन्यानंतर बाळ आजूबाजूला बघायला लागतं, दोन घोट पितं की मान वळवतं. त्यामुळे पोट अर्धंच भरतं आणि रात्री ते वसूल करतं. दर तीन तासांनी शांत, अंधाऱ्या जागी एकदा नीट पाजलं की रात्री निभावतात.

काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांपर्यंत, चार तास चालतं. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड डब्यात चोवीस तास. उन्हात तापलेली पिशवी म्हणजे खोलीचं तापमान नव्हे, हे लक्षात असू द्या. फॉर्म्युला देत असाल तर मोजलेली पावडर कोरड्या डब्यांत वेगवेगळी आणि थर्मासमध्ये उकळून घेतलेलं गरम पाणी न्या, लागेल तेव्हा कालवा. पावडरच्या डब्यावरची सूचना पाळा. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, आणि बाळाने तोंड लावलं की तासाभरात. उरलेलं ओतून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. बाहेरचं खाणं आत नेऊ न देणारी पार्कंसुद्धा बाळाचं दूध आणि खाणं सहसा अडवत नाहीत. पिशवी तपासणाऱ्याला आधीच सांगितलं की काम सोपं होतं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हातसुद्धा वरचं पाणी देऊ नका, दूधच जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांनंतर घोट घोट पाणी चालतं.

खाण्याच्या बाबतीत माझी सगळ्यांत मोठी भीती पॉपकॉर्नची होती. पार्कात प्रत्येक कोपऱ्यावर ते असतं आणि थोरल्या बहिणीला दानशूरपणाचा झटका येतो. मी वळून बघितलं तेव्हा एक दाणा धाकट्याच्या मुठीत होता, तोंडापासून चार बोटांवर. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण तो श्वासनळीत अडकतो. अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या, शेंगदाणे यांचंही तेच. भावंडाला निघायच्या आधीच सांगून ठेवा की बाळाला फक्त आईच्या डब्यातलं.

ऊन

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली, रुंद काठाची टोपी आणि अंगभर सैल सुती कपडे बरे. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. घरी एकदा मनगटावर लावून बघा, पुरळ येतं का. डिस्नेलँड उघडलं त्या दिवशी म्हणे ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतत होत्या. आता टाचा रुतत नाहीत, पण तापलेल्या जमिनीची धग असतेच, आणि गाडीतलं बाळ आपल्यापेक्षा त्या जमिनीच्या खूप जवळ असतं. वर उभ्याने "एवढं काही गरम नाही" म्हणायच्या आधी हात गाडीच्या बैठकीत घालून बघा. बक्कल तर चटका देण्याइतकं तापतं.

पाणी कमी पडतंय हे कसं ओळखायचं? सहा तासांत डायपर ओला झाला नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, डोक्यावरची टाळू खोल गेलेली, बाळ मलूल. असं दिसलं की सहल बाजूला आणि पार्कातलं प्रथमोपचार केंद्र जवळ. बाळ नुसतं कुरकुरत असेल तर अजून वेळ आहे. उन्हात गप्प पडून राहिलेल्या बाळाची मला जास्त भीती वाटते.

डासांचं मलम दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही, आणि निलगिरी-लिंबाच्या तेलाचं तीन वर्षांपर्यंत नाही. गाडीवर जाळी टाकलेली सगळ्यांत उत्तम.

आवाज, मुखवटे आणि इतर धक्के

आतषबाजी मी दुरून बघितली, धाकट्याला घेऊन, कानांवर लहान मुलांचे मोठे इअरमफ चढवून. कानात घालायचे बोळे नकोत, ते निघून तोंडात जातात. इअरमफ घरी आठवडाभर आधीपासून रोज पाच मिनिटं घालून सवय करावी, नाहीतर ते लावताक्षणी उपटून फेकले जातात. आमच्याकडे पहिले दोन दिवस तेच झालं.

आतषबाजीपेक्षाही तो कशाला बिचकला असेल तर स्वच्छतागृहातल्या हात वाळवायच्या यंत्राला. तेव्हापासून मी डायपर बदलायचं टेबल त्या यंत्रापासून लांब आहे का ते बघून आत जाते. थोरलीला आपोआप वाहणाऱ्या फ्लशची भीती. फ्लशच्या डोळ्यावर, म्हणजे सेन्सरवर, चिकटपट्टीचा कागद लावायचा, काम झाल्यावर काढायचा. त्या कागदांचा छोटा गठ्ठा पिशवीत असू द्या.

मोठाले मुखवटे घालून फिरणारी पात्रं आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला दैत्यासारखी दिसतात. नेमक्या त्याच वयात अनोळखी माणसाला बघून रडायची पाळी असते. फोटो हवाच असेल तर बाळाला स्वतःच्या कडेवर घ्या, त्याची पाठ पात्राकडे असू द्या, आणि त्याने वळून बघितलं तर बघितलं. मुखवट्यातली ती माणसं फार समजूतदार असतात, आपण होऊन दोन पावलं मागे राहतात.

पाण्याच्या कारंज्यांशी खेळवणार असाल तर पोहायचे डायपर न्या. साधा डायपर पाणी पिऊन भोपळ्याएवढा होतो. पोहायचा डायपर शू धरत नाही, हेही लक्षात ठेवा, म्हणजे पाण्यातून बाहेर काढून लगेच मांडीवर घ्यायचं नाही. मी घेतलं होतं.

पिशवी

दर दोन तासांना एक डायपर आणि वर तीन. वाइप्स, घडीची चटई, ओल्या कपड्यांसाठी बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोन झबली, तीन लाळेरी, पातळ स्वेटर कारण आतल्या खोल्यांत एसी फार थंड असतो, थर्मामीटर, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध. बाळाच्या कपड्यावर आतून तुमचा फोन नंबर. एक टीशर्ट स्वतःसाठीही. हे शेवटचं मी पहिल्या दिवशी विसरले आणि बाळाने सकाळी सव्वादहाला माझ्या खांद्यावर ओकारी काढली; रात्री आठपर्यंत मी तशीच फिरले. प्रत्येक फोटोत माझ्या डाव्या खांद्यावर दुपटं आहे. खेळणी फारशी नेऊ नका. दोनच, दोरीने गाडीला बांधलेली.

निघताना

आतषबाजी संपली की सगळं पार्क एकदम दाराकडे सुटतं. एक तर ती सुरू व्हायच्या आधी निघा, नाहीतर संपल्यावर अर्धा तास आत कुठेतरी बसून राहा. त्या अर्ध्या तासात आम्ही बाळाच्या केंद्रात जायचो. तोंड-हात ओल्या कापडाने पुसून, रात्रीचा डायपर घालून, झोपायचे कपडे चढवून त्याला तिथेच पोटभर पाजायचं. बसमध्ये बसेपर्यंत तो झोपलेला असायचा. गाडीची घडी नवरा करायचा, थोरली रिबीन सोडून मनगटाला गुंडाळायची, मी बाळाला कॅरिअरमध्ये तसंच धरून बसायचे. खोलीचं दार उघडल्यावर दिवा लावायचा नाही, बूट दाराशीच काढायचे, आणि खाटल्याकडे जाणारी वाट सकाळी निघतानाच मोकळी करून ठेवायची.